पाळण्यातले पाय आणि पाच तारे

अमेरिकेत सतरा वर्षांच्या पोरांना हॉटेलांसारखे तारे दिले जातात! कॉलेजच्या मैदानावर कोण चमकणार आणि कोण राखीव म्हणून उभा राहणार, याचं ते भाकीत. गेली पंचवीसेक वर्षं हा उद्योग जोरात चालू आहे. त्याची भाकितं खरी ठरतात का?

२०१७ चा हंगाम. ओक्लाहोमा विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकत सुटला आहे. मैदानात हुकमत आहे बेकर मेफिल्डची. आणि त्याचा राखीव खेळाडू म्हणून सीमारेषेबाहेर थांबलाय कायलर मरे.

शाळा सोडताना या दोघांच्या नावापुढे काय लिहिलं गेलं होतं ते पाहिलं, तर कुणालाही वाटेल, यांच्या जागांची अदलाबदल झाली असावी. मरे टेक्सासमधल्या ॲलन गावचा. गाव फुटबॉलवेडं इतकं, की २०१२ मध्ये तिथं सहा कोटी डॉलर खर्चून १८ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं. तेही शाळेसाठी, बरं का! त्या शाळेच्या संघाची सूत्रं मरेच्या हाती होती तेव्हा ४२ सामने झाले आणि संघानं ४२ च्या ४२ जिंकले. साहजिकच मरेला पाचपैकी पाच तारे मिळाले.

मेफिल्डही टेक्सासचाच, ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस शाळेचा. त्याला मिळाले तीन. ज्या बड्या विद्यापीठांकडे त्याचे डोळे लागले होते, त्यांनी शिष्यवृत्ती देऊ केली नाही. मग हा पठ्ठ्या टेक्सास टेक विद्यापीठात ‘वॉक-ऑन’ म्हणून गेला. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चानं कॉलेजात येऊन ‘मला एकदा खेळवून तर बघा’ म्हणणारा मुलगा. तिथून तो ओक्लाहोमाला गेला. तिथंही पुन्हा वॉक-ऑन!

आणि २०१७ चा हाइजमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मेफिल्डनं पटकावला. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा सर्वांत पहिलं नाव पुकारलं गेलं ते त्याचंच.

म्हणजे तारे देणारे तोंडघशी पडले? थांबा! मेफिल्ड गेल्यावर मरेला संधी मिळाली. २०१८ चा हाइजमन करंडक त्यानं घेतला आणि २०१९ च्या निवडीत पहिलं नाव मरेचं होतं. (मधल्या काळात एका व्यावसायिक बेसबॉल संघानंही त्याला पहिल्याच फेरीत निवडून ठेवलं होतं. काही पोरं दोन्ही हातांनी लाडू खातात!)

एकच विद्यापीठ, एकच प्रशिक्षक, लागोपाठची दोन वर्षं, तोच करंडक आणि तोच पहिला क्रमांक. एकाला तारे देणाऱ्यांनी अचूक ओळखलं, दुसरा त्यांच्या चाळणीतून खाली पडला. मग या ताऱ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?

शुक्रवारची रात्र, शनिवारची दुपार

आधी एक खुलासा. इथं फुटबॉल म्हणजे आपण गल्लीत पायानं खेळतो तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू अंड्याच्या आकाराचा, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड गाद्या आणि अंगावर धावून येणारी सव्वाशे-दीडशे किलोंची धिप्पाड माणसं. अकरा जणांच्या संघात चेंडू हातात घेऊन डाव रचणारा तो क्वार्टरबॅक. सगळ्यांत कौतुक त्याचं आणि हरल्यावर शिव्याशापही त्यालाच.

शाळांचे सामने शुक्रवारी रात्री, कॉलेजांचे शनिवारी, व्यावसायिकांचे रविवारी, अशी अमेरिकेची रीतच आहे. डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्को भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना शुक्रवार रात्रीच्या त्या झगमगाटाची, बँडच्या दणदणाटाची चांगली सवय झालेली असते. कॉलेजच्या फुटबॉलची तर बातच सोडा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता आहे १ लाख ७ हजार ६०१!

आता आकडे बघा. दर वर्षी दहा लाखांहून जास्त मुलं शाळेच्या संघातून हा खेळ खेळतात. त्यांतले शंभरात जेमतेम सात जण कॉलेजच्या कुठल्या ना कुठल्या पातळीवर पोचतात. टीव्हीवर दिसणारी, लाखभर प्रेक्षकांपुढे खेळणारी जी १३०-१३५ बडी विद्यापीठं आहेत, तिथं पोचणारे शंभरात तीनही नसतात. कॉलेजात खेळणाऱ्यांतले एनएफएलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगपर्यंत जाणारे तर शंभरात एक-दोनच.

इतकं मोठं नरसाळं आणि इतकं छोटं तोंड! मग त्या तोंडातून कोण जाणार हे आधी सांगणाऱ्याला भाव येणारच.

तारे वाटतं कोण?

सुरुवात झाली ती काही हौशी माणसांपासून. शिकागोकडचे टॉम लेमिंग हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हा गृहस्थ मोटार घेऊन देशभर हिंडत असे, शाळकरी खेळाडूंना भेटत असे, फिल्मा बघत असे आणि मग आपलं वार्षिक छापत असे. इंटरनेट आल्यावर या हौशीचा धंदा झाला. ‘रायव्हल्स’, ‘२४७ स्पोर्ट्‌स’, ‘ईएसपीएन’ अशा नावांनी याद्या निघू लागल्या. गिऱ्हाईक कोण? तर विद्यापीठांचे चाहते! आपल्या कॉलेजात पुढच्या वर्षी कोण पोरगा येणार, हे आधी कळावं म्हणून पैसे मोजणारे लाखो लोक.

तारे कसे मिळतात? मुलाच्या सामन्यांचे व्हिडिओ बघितले जातात. उन्हाळ्यात शिबिरं भरतात, तिथं उंची, वजन, हाताच्या पंजाची रुंदी मोजली जाते. चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो, जागच्या जागी किती उंच उडी मारतो, तेही टिपलं जातं. मग स्थानिक जाणकार मत देतो, राष्ट्रीय जाणकार ते तपासतो आणि यादी लागते. एका प्रमुख यादीत पंचतारांकित खेळाडू असतात साधारण बत्तीस. बत्तीसच का? कारण व्यावसायिक संघ बत्तीस आहेत आणि त्यांच्या निवडीच्या पहिल्या फेरीत तेवढीच नावं पुकारली जातात. म्हणजे यादी करणारे एका परीनं पैजच लावतात, की तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाणारे हे बघा!

त्याखाली तीन-साडेतीनशे मुलं चार ताऱ्यांची. मग तीन ताऱ्यांची दीड-दोन हजार. आणि त्याखाली दोन तारे, शून्य तारे, असा अथांग सागर.

आपल्याकडे एके काळी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, त्यातल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो पेपरात यायचे, ते आठवतं? तसाच थाट. फरक एवढाच, की इथं परीक्षा अजून व्हायचीच असते.

खरे ठरतात की नाही?

इथं दोन पक्ष आहेत आणि दोघेही हट्टी. एक म्हणतो, तारे बघा आणि डोळे मिटून पैज लावा. दुसरा म्हणतो, सगळी थापेबाजी! दुसऱ्या पक्षाकडे नावांची माळ तयार असते. मेफिल्ड, शिवाय हा, शिवाय तो...

मी एक साधी मोजणी करून पाहिली. २०१२ ते २०२५ या चौदा वर्षांतले हाइजमन विजेते घ्यायचे आणि शाळा सोडताना त्यांना किती तारे होते ते लिहायचं. यादीगणिक एखादा तारा इकडेतिकडे होतो, पण ढोबळमानानं उत्तर असं आलं : पंचतारांकित सहा, चार तारे असलेले तिघे आणि तीन किंवा त्याहून कमी तारेवाले पाच.

पहिल्यांदा वाचलं तर वाटतं, बघा, चौदांत पाच जण सामान्य यादीतले! मग कसले तारे? पण जरा थांबून विचार करा. पंचतारांकित मुलं वर्षाला फक्त तीसेक. तीन आणि त्याखालचे हजारोंनी. तीस जणांच्या टोपलीतून सहा विजेते निघाले आणि हजारोंच्या पोत्यातून पाच! शेंगांच्या दोन ढिगांतून सारखेच दाणे निघाले, पण एक ढीग ओंजळभर आणि दुसरा पोतंभर असेल, तर चांगला माल कुठला ते सांगायला नको.

व्यावसायिक निवडीचंही तसंच. दर वर्षी सात फेऱ्यांत मिळून अडीचशेहून थोडे जास्त खेळाडू निवडले जातात. पंचतारांकित मुलांपैकी साधारण निम्मी या निवडीपर्यंत पोचतात. चार ताऱ्यांपैकी पाचात एखादा, तर तीन ताऱ्यांपैकी दहात एकही नाही. पायरी-पायरीनं शक्यता घसरत जाते, आणि ती दर वर्षी अशीच घसरते. निव्वळ थापेबाजीला हे जमत नाही.

आता हाच हिशेब उलटा करा. तिसाचे निम्मे म्हणजे पंधरा. साडेतीनशेचा पाचवा हिस्सा म्हणजे सत्तर. आणि तीन ताऱ्यांच्या दीड हजारांतले समजा पंधरात एक गेला, तरी झाले शंभर! म्हणून रविवारी टीव्ही लावला, की पडद्यावर दिसणारे बरेचसे खेळाडू तीन किंवा कमी ताऱ्यांचे असतात, आणि समालोचक दर वेळी नव्यानं आश्चर्य करतो. आश्चर्याचं त्यात काही नाही. ते गर्दीतून आले म्हणून संख्येनं जास्त आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाची वाट मात्र पंचतारांकितापेक्षा कितीतरी अवघड होती.

संघाच्या पातळीवर तर ताऱ्यांचं भाकीत आणखी पक्कं. बड एलियट नावाच्या क्रीडा पत्रकारानं एक साधा नियम मांडला. विद्यापीठानं मागच्या चार वर्षांत जी पोरं घेतली, त्यांतली निम्म्याहून जास्त चार किंवा पाच ताऱ्यांची असली पाहिजेत, तरच तो संघ राष्ट्रीय विजेता होऊ शकतो. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट, एलएसयू, क्लेमसन, मिशिगन... सुमारे दोन दशकं जो जिंकला तो या चाळणीतूनच. दर वर्षी सव्वाशेहून जास्त संघांतले सोळा-सतराच या अटीत बसत, आणि विजेता त्यांतलाच निघे.

पण याचा अर्थ चांगला माल भरला की दुकान चाललंच, असा नाही. टेक्सास विद्यापीठाकडे पैसा, परंपरा, तारांकित पोरांची रांग, सगळं होतं. २०१५ मध्ये त्यांचा हिशेब होता पाच विजय, सात पराभव. २०१६ मध्ये? पुन्हा पाच आणि सात!

दोन तारे आणि पिझ्झा

एकेका मुलाच्या बाबतीत मात्र हे तारे वारंवार का फसतात? पहिलं कारण अगदी घरगुती आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी सगळी मुलं सारखी वाढलेली नसतात. कुणाला दाढी फुटलेली असते, कुणाचा आवाजही अजून फुटायचा असतो. शाळेच्या मैदानावर जो आधी वाढला तो राजा.

जे. जे. वॉटचं उदाहरण बघा. विस्कॉन्सिनमधल्या पेवॉकी गावचा मुलगा. दोन तारे. सेंट्रल मिशिगन विद्यापीठात गेला, पण तिथल्या जागेवर त्याचं मन रमेना. हातातली शिष्यवृत्ती सोडून तो घरी परतला. आपल्या राज्याच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून शिरायचं ठरवलं, आणि मधल्या काळात पिझ्झा हटचे पिझ्झे घरोघर पोचवले! विस्कॉन्सिनमध्ये त्याची जागा बदलली. अंग भरलं, ताकद वाढली. २०११ च्या निवडीत तो अकरावा. पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू एकदा नव्हे, तीनदा : २०१२, २०१४ आणि २०१५. सतराव्या वर्षीच्या वॉटकडे बघून हे ओळखायचं कुणी आणि कसं?

दुसरं कारण भूगोल. तारे देणारी माणसं टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्नियाच्या बड्या शहरांत फिरतात, कारण पोरं तिथं ढिगानं मिळतात. आडगावातल्या पोराकडे कोण बघणार? जॉश ॲलनचं गाव फायरबॉ. कॅलिफोर्नियातलंच, पण शेतीच्या पट्ट्यातलं. त्याच्या घरची कापसाची शेती. शाळा संपली तेव्हा बड्या विद्यापीठांपैकी एकानंही त्याला विचारलं नाही. तो रीडली नावाच्या दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात गेला आणि तिथून देशभरच्या प्रशिक्षकांना ई-मेल धाडत राहिला. त्यातून जुळलं ते वायोमिंगशी. २०१८ साली, म्हणजे मेफिल्ड पहिला निवडला गेला त्याच निवडीत, हा सातवा! २०२४ च्या हंगामात तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तिसरं कारण जागेचं. चेंडू घेऊन पळणारा पोरगा वेगवान आहे की नाही, ते शाळेतच दिसतं. पण समोरच्याला अडवून धरणारे जे पहाडासारखे खेळाडू असतात, त्यांचा अंदाज महाकठीण. त्यांना कॉलेजात वीस-तीस किलो वजन चढवायचं असतं आणि तरीही चपळ राहायचं असतं. क्वार्टरबॅकचं दुखणं वेगळंच. एका वेळी एकच खेळतो. दोन पंचतारांकित एका कॉलेजात आले, तर एक उभा राहणार हे ठरलेलंच.

आणि घोटे, गुडघे, खांदे मोडतात ते कुठल्याच यादीत आधी छापून येत नाही. अभ्यासात नापास होणं, घरची आठवण, प्रशिक्षकाची हकालपट्टी, हेही नाही.

आधी कोंबडी की आधी अंडं?

खरी मेख पुढेच आहे. तारे भविष्य सांगतात की घडवतात?

समजा, एका मुलाला तीन तारे आहेत. एक दिवस अलाबामासारखं बडं विद्यापीठ त्याला शिष्यवृत्ती देऊ करतं. बातमी फुटते. यादीवाल्यांना वाटतं, इतक्या मोठ्या प्रशिक्षकानं पारखलंय, म्हणजे काहीतरी असणार. महिनाभरात त्या मुलाचा चौथा तारा उगवतो. मग वर्षअखेर आपण म्हणतो, बघा, अलाबामानं किती चार ताऱ्यांची मुलं मिळवली! तारा आधी की अलाबामा आधी? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लँगलेट यांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं होतं. निष्कर्ष दोन्ही बाजूंनी निघाला : चांगल्या भरतीमुळे संघ जिंकतो आणि जिंकणाऱ्या संघाकडे चांगली भरती जाते.

कॉलेजात गेल्यावरही ताऱ्यांची पुण्याई संपत नाही. पंचतारांकित मुलाला सगळ्यांत चांगला प्रशिक्षक मिळतो, सरावात जास्त वेळ मिळतो, चुकला तर दुसरी संधी मिळते, तिसरीही मिळते. त्याच्यावर प्रशिक्षकाची अब्रू पणाला लागलेली असते ना! वॉक-ऑन पोरगा एकदा चुकला, की त्याचं नाव विसरलं जातं. मग चार वर्षांनी आपण दोघांची तुलना करून म्हणतो, तारे खरे ठरले. माझ्या मते या भाकितांच्या यशातला मोठा हिस्सा पारख करणाऱ्यांच्या नजरेचा आहे, यात शंका नाही. पण एक हिस्सा असा आहे, की आपण ज्या रोपाला पाणी घातलं तेच वाढलं आणि मग आपणच आपल्या हातगुणाचं कौतुक केलं!

सतराव्या वर्षी बाजारभाव

पूर्वी हे सगळं शिष्यवृत्तीपुरतं होतं. २०२१ च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. २०२५ पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती सगळ्या खेळांचे मिळून एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. तिथून पुढे तारा म्हणजे कौतुकाची टिकली राहिली नाही, त्याचा बाजारभाव झाला.

क्विन युअर्सला एका मोठ्या एकत्रित यादीत पैकीच्या पैकी गुण होते. असे गुण मिळालेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. टेक्सासच्या नियमांनुसार शाळकरी खेळाडूला जाहिरातीचे पैसे घेता येत नव्हते. तेव्हा त्यानं शाळेचं शेवटचं वर्ष सोडलं आणि २०२१ मध्ये तो थेट ओहायो स्टेटला दाखल झाला. तिथं खेळायला जवळपास मिळालंच नाही. मग परत टेक्सास. तिथं त्यानं संघाला २०२३ आणि २०२४ अशा दोन हंगामांत राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत नेलं. कॉलेजचा खेळाडू म्हणून हे यश कुणीही मिरवावं असंच. पण २०२५ च्या व्यावसायिक निवडीत त्याचं नाव पुकारलं गेलं ते सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. क्रमांक २३१!

दुसऱ्या टोकाला ब्रॉक पर्डी. तीन तारे, आयोवा स्टेट विद्यापीठ, २०२२ च्या निवडीत २६२ वा. म्हणजे अगदी शेवटचा. त्यानंतर दोन वर्षांच्या आत तो सुपर बोलच्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक होता.

युअर्सला कुणी अपयशी म्हणू नये. पण पूर्ण गुण घेऊन सतराव्या वर्षी निघालेल्या मुलाच्या प्रत्येक चुकीकडे लोक कसे बघत असतील? दहा लाखांतला पहिला म्हटल्यावर दोनशे एकतिसावा क्रमांक पडझडीसारखा वाटतो. तोच क्रमांक दोन ताऱ्यांच्या मुलाला मिळाला असता, तर गावानं मिरवणूक काढली असती.

घरोघरच्या आईबापांची धावपळ निराळीच. उन्हाळाभर या शिबिरातून त्या शिबिरात, खासगी प्रशिक्षक, व्हिडिओ कापून-जोडून इंटरनेटवर चढवणं. काही पालक तर मुलाला आठवीत मुद्दाम एक वर्ष मागे ठेवतात. अभ्यासात कच्चा म्हणून नव्हे, हं! पुढे संघात तो इतरांपेक्षा वर्षभर मोठा, उंच आणि दणकट दिसावा म्हणून. वर सांगितलेली मुलांच्या वाढीची गोष्ट आईबापांनाही कळते, फक्त ते तिचा उपयोग असा करतात.

इंडियानाचा धक्का

हे सगळं सुरळीत चाललं असताना २०२५ चा हंगाम आला.

इंडियाना विद्यापीठ फुटबॉलसाठी कधीच प्रसिद्ध नव्हतं. असलंच तर पराभवांसाठी. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक सामने हरलेल्या संघांत त्याचं नाव अगदी वर होतं. २०२३ च्या अखेरीस तिथं कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक आले. वय साठीच्या पुढे. आधी ते जेम्स मॅडिसन या त्यामानानं छोट्या विद्यापीठात होते. तिथले डझनभर खेळाडू त्यांच्यामागोमाग इंडियानात आले. त्यांच्यापैकी कुणावर ताऱ्यांचा वर्षाव झालेला नव्हता.

क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाही तसाच. मायामीचा, क्यूबातून आलेल्या आजी-आजोबांचा नातू. शाळा सोडताना देशातल्या क्वार्टरबॅकच्या यादीत तो शंभराच्याही खाली. आधी येल विद्यापीठात जायचं ठरलं होतं. येल म्हणजे शिक्षणासाठी जगात नावाजलेलं, पण फुटबॉलपटू घडवण्यासाठी नव्हे. ऐन वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठानं बोलावलं, तिथं तो खेळला आणि मग इंडियानाला आला.

त्या हंगामात इंडियाना सोळा सामने खेळलं आणि सोळाही जिंकलं. मेंडोझाला हाइजमन मिळाला. जानेवारी २०२६ मध्ये अंतिम सामन्यात त्यांनी मायामीला २७-२१ असं हरवलं. निम्म्याहून जास्त तारांकितांचा तो नियम मोडला! इंडियाना त्या अटीच्या जवळपासही नव्हतं.

लगेच दुसऱ्या पक्षानं नगारे वाजवले. मला मात्र वाटतं, इंडियानानं तारे खोटे पाडले नाहीत, त्यांनी भाकिताची वेळ बदलली. २०१८ पासून खेळाडूंना विद्यापीठ बदलणं सोपं होत गेलं आणि २०२१ पासून एक वर्ष बाहेर बसण्याची अटही सुटली. तेव्हा सतराव्या वर्षीचा अंदाज कशाला घ्यायचा? बावीस-तेवीस वर्षांचे, कॉलेजच्या मैदानावर दोन-तीन हंगाम कस लागलेले खेळाडूच घ्यावेत, हा सिग्नेटींचा हिशेब. त्या वयात अंग भरलेलं असतं, गुडघ्यांचं काय ते कळलेलं असतं, डोकं शांत आहे की तापट, तेही दिसलेलं असतं. चाळीस यार्डांच्या शर्यतीपेक्षा ही माहिती कितीतरी पक्की.

याचा फटका कुणाला? शाळेतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या तीन ताऱ्यांच्या मुलांना. पूर्वी त्यांना घेऊन दोन-तीन वर्षं घडवणारे प्रशिक्षक होते. आता ती जागा दुसऱ्या कॉलेजात तयार झालेल्या खेळाडूला जाते. त्यातच २०२५ पासून बहुतेक बड्या विद्यापीठांत संघाची मर्यादा १०५ वर आली आणि सव्वाशेपर्यंत खेळाडू ठेवायची जुनी पद्धत संपली. म्हणजे कात्री लागली ती आधी वॉक-ऑन पोरांना. वॉट आणि मेफिल्ड ज्या दारानं आत शिरले, ते दार बरंच अरुंद झालं आहे.

यादीवाले काही स्वस्थ बसलेले नाहीत. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंच्या वेगळ्या याद्या निघतात, त्यांना नवे तारे मिळतात. आणि शाळेच्या याद्यांचं वय खाली सरकतंय. २०२८ साली शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांची क्रमवारी केव्हाच लागली आहे. ती पहिल्यांदा लागली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचं मोटारीचं लायसन्स काढण्याचंही वय झालेलं नव्हतं.